डाळीएवढा ठिपका

माझ्या तोंडाचा फोटो निघायच्या आधी माझ्या छातीचा फोटो निघाला. आमच्या घरात आलेला माझा पहिला फोटो म्हणजे नुसत्या बरगड्या. आत्तीनं तो हातात धरून उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "टोपी घालू दिली न्हाई व्हय?"

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली ती कायमची. माझी आई मी पाळण्यात असताना गेली, तेव्हापासून मला आत्तीनंच वाढवलं. वडिलांना मी आबा म्हणायचो. ते पलटणीतून हवालदार होऊन आले होते आणि घरही पलटणीसारखंच चालवत. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात आम्ही तिघं, दोन बैल आणि एक म्हैस. त्यातली फक्त म्हैस आबांचं ऐकत नसे.

दुसरं महायुद्ध संपून वर्षभर झालं असेल. आमच्या भावकीत पोराला दोनच रस्ते असत, ऊस नाही तर पलटण. उसात माझं मन लागत नव्हतं आणि पलटणीच्या भरतीत माझी छाती बोटभर कमी भरली होती. आबांना ही गोष्ट फार लागली होती. पाहुण्यांसमोर माझी ओळख करून देताना ते "हा आमचा पोरगा, सातवी फायनल पास हाय" असं म्हणत आणि छातीचा विषय येण्याआधी दुसरं काहीतरी काढत. अशात माधवनगरच्या एका कापडगिरणीत हजेरी मांडणाऱ्या कारकुनाची जागा निघाली. अर्ज केला, बोलावणं आलं, अक्षर पसंत पडलं. राहिली फक्त डॉक्टरची तपासणी.

गिरणीच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर बोटांनी टिचक्या मारल्या. थांबले. पुन्हा त्याच जागी मारल्या. मग म्हणाले, "सांगलीला जाऊन छातीचा फोटो काढून आणा, तोवर जागा धरून ठेवतो." त्यांचा आवाज चांगला होता. वाईट बातमी सांगणाऱ्यांचा आवाज नेहमीच चांगला असतो, हे मला नंतर कळलं.

सांगलीच्या डॉक्टरांकडे मशीन होतं. फोटो निघाला, धुऊन वाळला, आणि त्यांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला. आबा शेजारी ताठ उभे होते.

"इथं एक ठिपका आहे," डॉक्टर म्हणाले.

"केवढा हाय, डाक्टरसाब?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढा."

"मग बारीक हाय."

"बारीक-मोठ्याचं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "जुनी जखम भरून आलेली असेल तर काळजीचं कारण नाही. नवी असेल तर क्षय. नुसत्या फोटोवरून मला सांगता येत नाही. थुंकी तपासावी लागेल."

क्षय हा शब्द आमच्या गावात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. भावकीतला एक जण त्यानं गेला होता. त्याची वाकळ गावाबाहेर नेऊन जाळली, आणि पुढं कितीतरी वर्षं लोक त्याचं नाव न घेता ती जागा दाखवायचे. आता डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि मला त्या काळ्या पडलेल्या जमिनीशिवाय दुसरं काही दिसेना. मी घाबरलो होतो.

डॉक्टरांनी रुंद तोंडाची, बुचाची एक बाटली दिली. तिथंच प्रयत्न करून पाहिला, काही निघालं नाही. "हरकत नाही," ते म्हणाले. "घरी घेऊन जा. सकाळी उठल्या उठल्या खोकून छातीतून जे येईल ते यात घ्या. लाळ नको, छातीतलं पाहिजे. बाटली मला आणून द्या."

घरी आल्यावर आबांनी हुकूम सोडला. निकाल लागेपर्यंत मी पडवीत झोपायचं, ताट-वाटी-तांब्या वेगळा, आणि आत्तीनं माझ्यापासून चार हात लांब राहायचं. "आक्काचं वय झालंय," ते म्हणाले. "तिला लागाया नगं."

आत्तीनं हुकूम ऐकून घेतला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "तुजी पलटन घाल चुलीत," ती आबांना म्हणाली. "ह्येला म्या न्हाऊ घातलाय, हागला-मुतलेला धुतलाय. आता चार हात लांब व्हय? मोजून दाव बरं चार हात."

आबांनी मोजून दाखवले. आत्ती पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.

मग बाटली भरायचं काम सुरू झालं. रोज सकाळी आबा मला अंगणात उभं करत आणि म्हणत, "खोक." मी खोकायचो. "पोटातनं खोक!" मी पोटातून खोकायचो. नुसता वारा यायचा. आबा बाटली धरून उभे असत आणि आत डोकावत. दोनदा थोडी लाळ पडली, ती त्यांनी ओतून टाकली, कारण डॉक्टरांनी लाळ नको म्हणून सांगितलं होतं. अडुळशाचा काढा झाला, मिरीचा धूर झाला. माझ्या छातीतून थेंब निघेना. रोगी आहे की नाही हे ठरवायला लागणारा मालच रोग्याकडं नव्हता. एका सकाळी आबा वैतागले. आत्ती परसात राखुंडीनं दात घासत नेहमीसारखी खोकत होती. तिचा खोकला घरातलाच होता. म्हशीचं हंबरणं जसं कुणी ऐकत नाही तसा तोही कुणी ऐकत नसे. चुलीचा धूर, मिसरी आणि वय असं त्याचं कारण ठरून गेलं होतं.

"तिच्याकडनं शीक जरा," आबा मला म्हणाले. "कसं खोकत्यात बग."

तोवर फोटोची बातमी गावभर झाली होती. लोक माझी विचारपूस करायला यायचे आणि आधी फोटो मागायचे. उन्हाला धरून ठिपका शोधायचे. एकानं तो पोटात दाखवला. एका म्हातारबुवांनी सगळ्याच बरगड्या मोजून "येक कमी हाय" असा निकाल दिला, त्यावर बराच वाद झाला. निघताना सगळे म्हणायचे, "काय हुत न्हाई गड्या, भिऊ नगंस," आणि उंबऱ्याबाहेर जाऊन हात धुवायचे. मला त्यांचा राग यायचा. फोटोला हात लावलेला चालतो आणि माझ्या वाऱ्याला उभं राहवत नाही, हे काय ते मला कळेना.

आत्तीनं ग्रामदेवाला कौल लावला. देवाच्या अंगाला दोन बाजूंना कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर चांगलं, डावी पडली तर वाईट. डावी पडली. आत्तीनं गुरवाला सांगितलं की प्रश्न चुकीचा विचारला गेला, आणि पुन्हा कौल लावायला लावला. पुन्हा डावी पडली. मग तिनं देवालाच सुनावलं, की नीट ऐकून मग काय ते सांग. तिसऱ्या खेपेला उजवी पडली, तिनं नारळ फोडला आणि घरी येऊन सांगितलं, "द्येवानं कौल दिला. ह्येला कायबी न्हाई."

"कितव्या बारीला दिला?" आबांनी विचारलं. आत्तीनं त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

पुढच्या दिवशी सकाळी उठलो तर बाटली भरलेली. निम्म्यापर्यंत, घट्ट, पिवळसर. बूच लावून फडक्यात गुंडाळून आत्तीनं ती कोनाड्यात ठेवली होती.

"झोपेत खोकलास," ती म्हणाली. "म्या हुते जागी. बाटली धरली."

मला आठवत नव्हतं. पण झोपेतलं कुणाला आठवतं? आबांनी बाटली उजेडाला धरली आणि त्यांचा चेहरा पडला. इतके दिवस ती भरावी म्हणून धडपडत होते, आणि आता भरली तर त्यांना ती बघवेना. मी म्हटलं, एवढं सगळं माझ्या छातीत होतं तर. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरोखर आजारी वाटलं. दुपारी तर अंगात ताप आहे असंही वाटलं. आत्तीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "गार पडलाईस. उगं नाटकं करू नगंस."

आबा एकटेच बाटली घेऊन सांगलीला गेले. रेल्वेच्या डब्यात शेजारच्यानं विचारलं म्हणे, तूप आहे का. आबांनी "न्हाई" एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी आठवड्यानं सगळ्यांनाच या म्हणून निरोप दिला.

तो आठवडा कसा गेला हे सांगण्यासारखं त्यात काही नाही. मी पडवीत बसून असायचो. उसाला पाणी चाललं होतं, त्याचा आवाज यायचा. मी मनातल्या मनात नोकरीवर जाऊन यायचो. हजेरी मांडायचो, पगाराच्या दिवशी आत्तीला लुगडं घ्यायचो, आणि मग एकदम आठवायचं की पुढं काही असेलच असं नाही. माझं वय वीसच्या आत होतं. मरण आपल्याला येऊ शकतं ही बातमी त्या वयात पोचतच नाही; ती मला एका काचेच्या बाटलीतून पोचली. आबा रोज संध्याकाळी पडवीच्या कडेला येऊन उभे राहत. चार हात लांब. काहीतरी बोलायचं असावं. "ठीक हाईस न्हवं?" एवढं विचारून जात.

ठरल्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. आत्तीला नेणार नव्हते, पण ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. कराड गेलं, माधवनगर आलं, तिथून टांगा करून सांगली. डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. आबा बसले नाहीत.

"थुंकीत जंतू सापडले," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ आहेत. मला वाईट वाटतं."

आबांनी दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर केली. हे ते फक्त साहेब समोर आल्यावर करत. मी त्यांच्या पायातल्या वहाणांकडं बघत राहिलो. एका वहाणेचा अंगठा शिवलेला होता.

"आवं डाक्टर," आत्ती म्हणाली. "किडं बाटलीतल्या थुक्यात घावलं का फोटूत घावलं?"

"थुंकीत, बाई."

"फोटूत न्हवं?"

"फोटोत जंतू दिसत नाहीत. थुंकीतच."

आत्तीनं हुश्श केलं. पदरानं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की डॉक्टरांना वाटलं असावं बाईला समजलं नाही.

"मग ह्येला काय न्हाई," ती म्हणाली. "थुका माझा हाय."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तुम्ही बाटलीत तुमची थुंकी का दिलीत?"

"मग काय करतीया?" आत्ती म्हणाली. "ह्या पोराचं काय निघंना. हा हवालदार रोज त्येला खोकाया लावतोय. तुमी भांडं दिल्यालं. कुनी भांडं दिलं तर ते रिकामं परत करत्यात व्हय? आमच्यात न्हाई करत. शेजारनीची वाटी आली तरी चार दानं घालून पाठवतोय. आन मला काय, सकाळच्याला रगड येतंय. म्हनलं, येकाच चुलीवरचं खातोय, येकाच घरातलं हाय, थुका काय येगळा असतोय?"

असं म्हणून ती माझ्याकडं वळली आणि आबांनी आखलेल्या चार हातांची वाट लावून माझ्या गालावरून हात फिरवत कडाकडा बोटं मोडली. "म्हनलं हुतं न्हवं, द्येव खोटं बोलत न्हाई."

मला आधी काय वाटलं ते सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी हसलो. आत्ती हसत होती म्हणून मीही हसलो. मग आबांचा चेहरा दिसला. ते आपल्या बहिणीकडं बघत होते, आणि त्यांचे हात मांड्यांवरून सुटून खाली लोंबत होते.

डॉक्टरांनी आत्तीच्याही छातीचा फोटो काढायला सांगितला. तिला गंमत वाटली. माझी थुंकी निघतच नसल्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढायचं ठरलं; झोपेत गिळलेला कफ त्यात उतरतो म्हणे. निकालापर्यंत आम्ही धर्मशाळेत राहिलो. आत्तीचा मुक्काम झकास गेला. तिनं गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णेच्या घाटावर पाय धुतले, भडंग खाल्लं, ते तिखट आहे म्हणून नावं ठेवली आणि आणखी मागून खाल्लं. भेटेल त्या बाईला ती सांगत होती, "आमच्या पोराला कायबी न्हाई." आबांनी मुक्कामभर धड जेवण घेतलं नाही. एकदा घाटाच्या पायरीवर मला म्हणाले, "म्या तुला तिच्यापास्नं लांब ठेवला. तिला लागंल म्हनून." एवढंच.

माझ्या पाण्यात काही सापडलं नाही. माझा ठिपका जुना होता. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कधीतरी लागण झाली, शरीरानं ती चुना भरून बुजवून टाकली. आता त्यापासून भीती नाही, नोकरी करायला हरकत नाही. मग त्यांनी आत्तीचा फोटो उजेडाला धरला. तिथं डाळ शोधावी लागत नव्हती. दोन्ही बाजूंना वर पांढरं पसरलेलं, मधे पोकळ. त्या काळी यावर औषध म्हणजे दूध, अंडी, मोकळी हवा आणि नशीब. डॉक्टरांनी ते सांगितलं. हा आजार बऱ्याच वर्षांचा आहे, हेही सांगितलं.

"ह्याला लहानपणी कोण सांभाळायचं?" त्यांनी विचारलं.

"म्या," आत्ती ताठ होऊन म्हणाली. "दात न्हवतं तवापास्नं. भाकरी चावून चारलीया ह्येला म्या. कुशीत घेतल्याबिगर झोपत न्हवता. लई लाडका."

डॉक्टरांनी मान हलवली आणि फोटो खाली ठेवला. विचार करताना आत्ती नेहमी खालचा ओठ आत ओढायची, तसा तिनं ओढला. मग डॉक्टरांना विचारलं,

"आन मग ह्येला कुठनं लागलं वो, ल्हानपनी?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघत होतो. आबांनी आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नव्हतं. खरं बोलून बोलून त्यांनी अर्धी भावकी तोडली होती. ते डॉक्टरांच्या आणि आत्तीच्या मधे येऊन उभे राहिले.

"शाळंच्या मास्तरकडनं," आबा म्हणाले. "सारखा खाकरायचा त्यो. पोरं फुडंच बसायची. असंच असंल न्हवं, डाक्टरसाब?"

डॉक्टरांनी आबांकडं पाहिलं. "असू शकतं," ते म्हणाले.

"त्येच्या मढ्यावर माती पडली," आत्ती म्हणाली. "माझ्या पोराला लावलं!"

मास्तर तपकीर ओढायचे. शिंकायचे, खाकरायचे, बाकी त्यांची तब्येत उत्तम होती.

मी गिरणीत लागलो. आत्ती दवाखान्यात राहायला कबूल होईना, म्हणून आबांनी मळ्यात लिंबाखाली तिला खोप बांधून दिली. सुट्टीला मी जायचो तेव्हा ती मला खोपीजवळ फिरकू देत नसे. माझं ताट वेगळं करण्यावरून जिनं आबांशी भांडण काढलं होतं, तिनं आता बांधावर एक रेघ ओढली होती आणि मी तिच्या अलीकडं उभं राहायचं. पगारातून घेतलेलं लुगडं मला रेघेवर ठेवून मागं सरावं लागलं, मग ती येऊन घेऊन गेली. तिथूनच आम्ही मोठमोठ्यानं बोलायचो. गिरणीतल्या गोष्टी, म्हैस, आबांचा स्वयंपाक. आणि प्रत्येक वेळी कुठूनही विषय मास्तरांवर यायचा. तिनं त्यांना इतक्या जातीच्या शिव्या दिल्या की काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मास्तर एकदा तिच्या चौकशीला मळ्यात आले, तर तिनं त्यांना ढेकूळ मारलं. ते बिचारे छत्री डोक्यावर धरून परत गेले.

ती दोन पावसाळे काढून गेली. शेवटच्या महिन्यात बोलणं कमी झालं होतं, पण मी गेलो की हात वर करून रेघ दाखवायची.

मातीला सगळा गाव आला. मास्तरही आले, पण लांब, बाभळीखाली उभे राहिले. सगळं उरकल्यावर लोक पांगले तेव्हा आबा स्वतः त्यांच्याकडं गेले. मीही मागं होतो.

"हवालदार," मास्तर म्हणाले, "बाईंचा माझ्यावर एवढा राग का होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं काही चुकलं होतं का?"

"न्हाई, मास्तर," आबा म्हणाले. त्यांनी मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुमचं कायबी चुकलं न्हाई. तुमचा लय उपेग झाला आमास्नी."

मास्तरांना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना गावापर्यंत पोचवायला गेलो आणि वाटेत उसाबद्दल बोलत राहिलो.